लग्नाच्या दिवशी नवरीचे शकुन: खोलीत हमखास विचारले जाणारे प्रश्न

मी नवरीला नऊवारी नेसवून देते. बरीच वर्षं झाली. (एका मैत्रिणीला 'मी नवऱ्यांना साड्या नेसवते' असं सांगितलं तर ती पाच मिनिटं हसत होती, तेव्हापासून एकवचनच वापरते.) माझं काम मुख्यतः पुणे, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात. कार्यालयातली वधूपक्षाची खोली पहाटे पाचला उघडते. एका कोपऱ्यात चहाचे कप, खिडकीच्या गजाला टांगलेला शालू, जमिनीवर पिनांचा सडा, आणि नवरी, तिची आई, मावशी, आत्या सगळ्या मिळून विचारत असतात, 'अहो, हे चालतं ना?' तेच तेच प्रश्न, तीच तीच घाबरलेली तोंडं. म्हणून एकदा सगळं लिहून काढलं.

रीत घरागणिक बदलते, हे आधीच सांगते. तुमच्या आजीने सांगितलेलं आणि मी लिहिलेलं यात फरक दिसला तर आजीचं खरं माना.

हिरवा चुडा किती बांगड्यांचा असावा?

संख्या विषम हवी, एवढं सगळे मानतात. दोन्ही हातांच्या मिळून एकवीस बांगड्या भरायची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे, म्हणजे एका हातात दहा आणि दुसऱ्यात अकरा. काही घरांत सात आणि आठ. मनगट बारीक आणि हात छोटा असेल तर एवढ्या बांगड्यांनी कोपरापर्यंत हिरवं होतं; मग कमी भरा. विषम का, तर दोन सारखे वाटे पडत नाहीत, असं बायका सांगतात. आहेराच्या पाकिटात शंभरावर एक रुपया ठेवतो ना, तसंच हे.

हिरवा रंग पेरणीनंतरच्या रानाचा, वाढत्या गोष्टीचा. चुडा काचेचाच हवा. मध्ये पाटल्या, तोडे, गोठ सोन्याचे असले तरी काचेच्या किणकिणीशिवाय नवरी नवरी वाटत नाही. कासार घरी येऊन बांगड्या भरतो तो खरा सोहळा. त्याच्या हाताला एक विद्या असते. तो मुलीचा अंगठा तळहातात दुमडतो, पंजा दाबतो आणि बोलता बोलता बांगडी मनगटावर गेलेली असते. आपण घरी साबण लावून झटापट करतो आणि तीन बांगड्या गमावतो.

आणि लग्नाच्याच दिवशी बांगडी फुटली तर?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. आधी भाषा सुधारा: बांगडी फुटत नाही, ती 'वाढते'. मंगळसूत्राचा दोरा तुटला तर तेही 'वाढलं'. देवापुढे नारळ फोडला तरी आपण तो 'वाढवला' म्हणतो. 'पिचली' म्हणणाऱ्याही आहेत. काच आहे, पिचणारच, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. म्हणून तर त्यांनी त्यासाठी आधीच एक शब्द करून ठेवला.

एका लग्नात, गौरीहराला बसायच्या दहा मिनिटं आधी, माझ्याच हातून नवरीच्या दोन बांगड्या गेल्या. निऱ्या खोचताना तिचा हात माझ्या कोपराला लागला. खोलीत एकदम शांतता. नवरीचे डोळे भरले, काजळ ओघळायच्या बेतात. तिच्या पणजीने, नव्वदीच्या असतील, खुर्चीतूनच विचारलं, "किती वाढल्या?" दोन म्हटल्यावर म्हणाल्या, "मग दोन भरा की." संपला विषय. तेव्हापासून माझ्या पेटीत तीन मापांच्या हिरव्या बांगड्या असतात: सव्वादोन, अडीच आणि त्यामधली. तुम्हीही चुड्याबरोबर सहा जास्तीच्या घेऊन ठेवा.

या सगळ्या प्रश्नांची मेख मला त्या पणजींच्या उत्तरात सापडली. आपल्या रीतींमध्ये अडचणीची सोय बहुतेक ठिकाणी आधीच करून ठेवलेली आहे. घाबरतो तो नवशिका.

हळद लागल्यावर नवरीने घराबाहेर पडू नये म्हणतात. माझं पार्लर तर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे.

पूर्वी हळद आणि लग्न यांत अंतर थोडं असायचं, मुलीला बाहेर जायचं कारणही नसायचं. हळद लागलेल्या अंगाला बाधा चटकन होते, नजर लागते, अशी समजूत. नवरदेवाच्या हातात कट्यार आणि तिच्या टोकाला लिंबू असतं ते त्याच भीतीपोटी. आता हळद आदल्या दिवशी दुपारी, मेंदी संध्याकाळी, सकाळी सहाला पार्लर. जायचं तर जा, फक्त एकटी जाऊ नका. थोरल्या बायकाही 'एकटी जाऊ नको' एवढंच म्हणतात. बरोबर बहीण असली की त्यांचं समाधान होतं, आणि झोप न झालेल्या मुलीने गाडी चालवू नये हे मलाही पटतं.

उष्टी हळद म्हणजे नेमकं काय?

नवरदेवाला लावून उरलेली हळद त्याच्या घरच्या बायका वाटीतून नवरीकडे आणतात, ती उष्टी हळद. आंब्याच्या पानाने किंवा दुर्वांनी पाय, गुडघे, खांदे, कपाळ अशी लावतात. जात्याला आधी पूजून त्यावर हळद दळायची रीत गावाकडे अजून दिसते. कार्यालयात एक छोटं जातं शोभेला ठेवतात आणि हळद पुड्यातली असते. असू दे. मात्र पुड्यातली स्वयंपाकाची हळद चेहऱ्यावर जाड थापू नका. गोऱ्या अंगावर ती दोन दिवस पिवळी राहते आणि तिच्यावर मेकअप बसत नाही. आंबेहळद वेगळी, तिचा डाग हलका पडतो.

माझी आई विधवा आहे. तिने मला हळद लावली तर चालेल का?

लावू दे. पहिली तिलाच लावू दे.

मोठं उत्तर द्यायचं कारण असं की हा प्रश्न मुली मला सगळ्यांसमोर विचारत नाहीत. दार लोटून, आरशात बघत, हळू आवाजात विचारतात. बाहेर आई नारळ मोजत असते, हिशेब बघत असते, केटररशी भांडत असते. वीस वर्षं एकटीने मुलीला वाढवलेलं असतं. आणि हळदीला 'पाच सवाष्णी या' अशी हाक आली की ती आपण होऊन मागे सरकते, भिंतीला टेकते, कुणी सांगायच्या आधीच. ते सरकणं मी इतक्यांदा पाहिलंय की आता हाक यायच्या आधीच मी आईच्या हातात वाटी देऊन टाकते.

मघाशी म्हटलं की रीतींत अडचणीची सोय असते. इथे मात्र रूढीने कसलीही सोय ठेवली नव्हती. हे दार बंदच होतं. ते आता लोक उघडताहेत. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. त्यानंतर अनेक गावांत हळदीकुंकवाला सगळ्या बायकांना बोलावणं सुरू झालं. तेव्हा कुणी कुजबुजलंच तर 'ठराव झालाय' म्हणून सांगा. कागदाला आपल्याकडे मान आहे.

थोडी तयारी मात्र करा. आईला आयत्या वेळी सगळ्यांपुढे ओढलंत तर ती अवघडते, नाही म्हणते, आणि रडारड होते. चार दिवस आधी तिच्याशी बोला. सासरकडच्या एखाद्या समंजस बाईला, बहुधा ती आत्या किंवा मोठी जाऊ असते, विश्वासात घ्या. तिने 'या वहिनी, तुम्ही लावा आधी' म्हटलं की सगळी खोली सैलावते. माझ्या पाहण्यात एकदाही कुणी उठून गेलेलं नाही.

पिवळी साडी मामानेच द्यायची असते का? मला मामा नाही.

गौरीहराला बसताना नेसायची पिवळी, लाल काठाची साडी म्हणजे अष्टपुत्री. नाव 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' या आशीर्वादावरून आलं. आठ पुत्रांचा आशीर्वाद आज कुणी सिरियसली घेत नाही, पण साडीचं नाव टिकलं. बऱ्याच घरांत ती आजोळहून येते. मंगलाष्टकं सुरू झाली की 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं' असा पुकाराही होतो.

मामा नसेल तर मावसमामा, आईचा चुलतभाऊ, आईचा मानलेला भाऊ, कुणीही चालतो. एका लग्नात मावशी उभी राहिली. गुरुजींनी एकदा चष्मा वर करून पाहिलं आणि पुढचं कडवं सुरू केलं.

गौरीहरापुढे बसून काय म्हणायचं?

'गौरी गौरी सौभाग्य दे, दारी येतील त्यांना आयुष्य दे.' असं म्हणत चिमूट चिमूट तांदूळ अन्नपूर्णेवर वाहायचे. बाहेर मुहूर्त होईपर्यंत. ही अन्नपूर्णा आईने दिलेली असते आणि ती मुलीबरोबर सासरी जाते.

मला या सगळ्या दिवसातला हा भाग सगळ्यात आवडतो. फोटोग्राफर बाहेर वरातीत अडकलेला असतो, पाहुणे नाश्त्याला, आणि नवरी पहिल्यांदाच एकटी असते. मागणंही बघा किती छान आहे. दुसरी ओळ दारात येणाऱ्या माणसांसाठी आहे, ओळखीच्या असोत वा अनोळखी. मोबाईल तेवढा वेळ बहिणीकडे द्या.

मुंडावळ्या फुलांच्या की मोत्यांच्या?

दोन्ही चालतात. फुलांच्या सुंदर दिसतात आणि दोन तासांत कोमेजतात. मोत्यांच्या टिकतात, पण दोरा घट्ट बांधला तर दुपारपर्यंत डोकं ठणकायला लागतं. कानामागे एक बोट जाईल इतकी सैल बांधायला सांगा. पुष्कळ समाजांत मुंडावळ्यांच्या जागी बाशिंग बांधतात. गुडघ्याला बांधतात ते वेगळं.

काळा रंग अजिबात नको म्हणतात. मग मंगळसूत्रातले मणी काळे कसे?

काळं नजर शोषून घेतं अशी समजूत, म्हणून मणी काळे. साडी मात्र काळी नको. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला पुन्हा काळी चंद्रकळाच नेसवतात, वर हलव्याचे दागिने. म्हणजे रंगाशी वैर नाही, दिवसाशी आहे. तसंच पांढऱ्याचं. काही घरांत नवरीला पांढरं चालत नाही आणि बौद्ध लग्नात नवरी पांढऱ्या साडीतच उभी असते. दोन्ही घरं एकाच गल्लीत असतात.

मेंदी जितकी रंगते तितकं सासूचं प्रेम, खरंय का?

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं द्रव्य असतं, ते कातडीतल्या केराटिनला धरून बसतं. तळहाताची आणि तळपायाची कातडी जाड, म्हणून तिथे रंग गडद. मनगटावर, दंडावर फिका. काढल्यावर आधी केशरी दिसतो आणि एक-दोन दिवसांत हवेने गडद होत जातो. म्हणून लग्नाच्या आदल्या रात्री नको, दोन दिवस आधी काढा. पहिले काही तास पाणी लावू नका. तव्यावरच्या लवंगांची धुरी देतात, तिच्या उबेचाही उपयोग होतो. सासूचा यात काही हात नाही.

'झटपट काळी' मेंदी मात्र घेऊ नका. तिच्यात बऱ्याचदा केसांच्या कलपातलं रसायन, पीपीडी, मिसळलेलं असतं. एका मुलीच्या हातावर नक्षीच्या रेषेरेषेवर फोड आले होते. तिने लग्नभर हातात रुमाल धरला.

त्याच दिवशी पाळी आली तर?

हा प्रश्न पूर्वी आई विचारायची, आता मुली स्वतः विचारतात, बरं वाटतं. शरीर आहे, त्याला पत्रिका वाचता येत नाही. ज्यांना पाळायचं असतं त्यांच्यासाठी पोथीत शांतीचा उपाय आहे, गुरुजी तो करतात आणि लग्न ठरल्या वेळी लागतं. म्हणजे शास्त्रानेही लग्न थांबवलेलं नाही. ज्यांना पाळायचं नसतं त्या कुणाला सांगतच नाहीत, आणि अशा किती मुलींना मी नेसवलंय ते सांगणार नाही.

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मैत्रिणीकडून घेऊन खाऊ नका. डॉक्टरांना विचारा, तेही आधीच; आदल्या रात्री नाही. आणि नेसवणाऱ्या बाईला कानात सांगा. काष्टा कसा घालायचा, आत काय घालायचं, मध्ये बाथरूमला जाताना काय सोडायचं, याची व्यवस्था आम्हाला करता येते.

मुहूर्त टळला तर?

पूर्वी पाण्यात घटिकापात्र सोडत. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी एका घटकेत, म्हणजे चोवीस मिनिटांत, भरून बुडायची. आता घड्याळ असतं आणि वरात डीजेपुढे नाचत असते. मंगलाष्टकांतलं शेवटचं 'तदेव लग्नं सुदिनं तदेव' ऐकलंय ना? तारे, चंद्र, ग्रह यांचं सगळं बळ देवाचं स्मरण केल्याने मिळतं, असा त्याचा भाव. पत्रिकेत कमी पडलेलं गुरुजी त्या एका श्लोकात भरून काढतात. संध्याकाळी गाई परतायच्या वेळेचा गोरज मुहूर्तही आहेच, शिवाय त्या उजेडात फोटो फार छान येतात.

अक्षता टाकताना तांदूळ वाया जातो. फुलं चालतील?

चालतील. अक्षत म्हणजे न तुटलेला, अखंड दाणा, म्हणून तांदूळ निवडून घेतात. पण हॉलमधले तीनशे लोक मागच्या रांगेतून पुढच्या रांगेच्या डोक्यावर मारतात ते काही शास्त्रात नाही. पाहुण्यांना पाकळ्या द्या आणि आई-वडील, मामा यांच्या मुठीत अक्षता. नवरीने डोळे मिटून घ्यावेत, कारण आंतरपाट निघाल्यावर सगळ्यांचा नेम एकदम सुधारतो.

मला भाऊ नाही. लाह्या कोण घालणार?

लाजाहोमात नवरीच्या ओंजळीत लाह्या घालतो तो तिचा भाऊ, आणि कानपिळीला नवरदेवाचा कान पिळून मानाचं वस्त्र वसूल करतो तोही तोच. चुलत, मावस, आते, मामे, कुणीही चालतो. बहिणीने लाह्या घातलेल्या मी पाहिल्यात. कान तर बहिणीच जास्त जोरात पिळतात.

सप्तपदीत चुकून पाऊल डावं पडलं तर काय?

मागे घ्या आणि उजवं टाका. त्यापेक्षा पावलं कशाची आहेत ते आधी वाचून ठेवा: अन्न, बळ, धन, सुख, संतती, ऋतू आणि सातवं सख्य. सातव्या पावलाला 'सखा' हा शब्द येतो. हिंदू विवाह कायदा, १९५५ यातल्या सातव्या कलमानेही, जिथे विधींत सप्तपदी आहे तिथे सातव्या पावलाला विवाह पूर्ण होतो असं म्हटलं आहे. नऊवारीच्या काष्ट्यात पावलं टाकणं सहावारीपेक्षा सोपं जातं, हेही जाता जाता सांगते. शालू असेल तर निऱ्या बोटभर वर ठेवायला सांगा.

दिवसाउजेडी अरुंधती कशी दिसणार?

दिसत नाही. गुरुजी आकाशाकडे बोट दाखवतात, नवराबायको मंडपाच्या कापडाकडे बघून 'दिसली' म्हणतात. रात्रीही सगळ्या ऋतूंत दिसत नाही. डिसेंबरच्या संध्याकाळी सप्तर्षी आपल्याकडे क्षितिजाखाली असतात. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी उत्तरेला छान वर आलेले असतात. त्यांच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला अगदी चिकटून बारीकशी अरुंधती. पहिल्या उन्हाळ्यात दोघांनी गच्चीवर जाऊन राहिलेलं काम पूर्ण करा.

मंगळसूत्राच्या वाट्या उलट्या का घालतात?

एक वाटी माहेरची, एक सासरची. नव्या नवरीच्या गळ्यात त्या उलट्या असतात आणि घरच्या रीतीप्रमाणे काही दिवसांनी सुलट्या करतात. किती दिवसांनी, ते सासूबाईंना विचारा. प्रत्येक घराचं उत्तर वेगळं. उलटी वाटी म्हणजे 'ही नवी आहे, सांभाळून घ्या' अशी खूण, असं माझी आई सांगायची.

जोडवी सोन्याची चालतील का?

सोनं म्हणजे लक्ष्मी, ती कमरेखाली घालत नाहीत, म्हणून जोडवी चांदीची. आधी घालून बघा. घट्ट जोडव्यात बोट सुजतं.

लहानपणी मी पातेल्यातली खरवड खाल्ली आहे. आता पाऊस येणार?

मे महिन्यात वळवाचा येणारच, तुम्ही खरवड खाल्ली असो वा नसो. पाऊस आला तर शुभ म्हणा, नाही आला तर उत्तमच. लॉनवर लग्न असेल तर शकुनापेक्षा ताडपत्रीची चौकशी करा.

दृष्ट काढायची कधी? आणि गालबोट लावल्याने मेकअप बिघडणार नाही?

मंडपातून खोलीत परतल्यावर आणि सासरच्या उंबऱ्यावर, अशी दोनदा तरी. मीठमोहरी ओवाळून टाकतात. सासरी दारात भाकरतुकडा ओवाळतात. काजळाचं बोट गालाऐवजी कानामागे किंवा तळपायाला लावा, कुणाला दिसत नाही. गंमत बघा: दृष्ट लागू नये म्हणून लावायचं ते गालबोट, आणि पेपरात बातमी येते 'सोहळ्याला गालबोट लागलं'. उपायच भाषेत अपाय होऊन बसला.

पाठवणीला मागे न बघता तांदूळ फेकायचे असतात ना? आणि कलिरे, ते चुड्याला टांगायचे झुबे?

दोन्ही उत्तरेकडचे, मालिकांतून आलेले. आवडत असेल तर करा, पण 'केलं नाही तर अपशकुन' असं कुणी म्हणालं तर त्यांच्या आजीने केलं होतं का ते विचारा. आपल्याकडे मुलीची ओटी भरून पाठवणी करतात: नारळ, खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी. बरोबर पाठराखीण देतात. ही रीत कमी होत चाललीय याचं मला वाईट वाटतं. नव्या घरात पहिल्या रात्री पाणी कुठे आहे, हे विचारायला आपलं एक माणूस असावं.

निघायच्या आधी झाल असते. टोपलीत कणकेचे दिवे लावून ती सासरच्या माणसांच्या डोक्यावर धरतात, आमच्या मुलीचा भार आता तुमच्यावर म्हणून. टोपली वेळूची, आणि वेळूला संस्कृतात शब्द वंश. पदर सांभाळा, दिवे खरे असतात.

माप ओलांडताना लाथ मारायची का?

नाही हो. उजव्या पायाच्या अंगठ्याने हलकेच कलंडायचं, तांदूळ घराच्या आत सांडले पाहिजेत. शालूत पाय अडकतो तो इथेच, तेव्हा डाव्या हाताने निऱ्या धरा.

आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न करतोय. मग शकुनाचं काय?

विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात, विधी लागत नाही. महाराष्ट्राला हे नवीनही नाही. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला तो २४ सप्टेंबर १८७३ला, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला भटजीशिवाय पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. तरी नोंदणीच्या मुलीही मला बोलावतात. एकीने नऊवारी, हिरवा चुडा, आईची नथ घातली आणि रिक्षाने जाऊन सह्या करून आली. एवढंच हवं होतं तिला. सही करताना चुडा टेबलावर वाजतो, त्याचा व्हिडिओ तिने मला पाठवला.

चुडा किती दिवस ठेवायचा?

सव्वा महिना म्हणतात. निदान सोळा दिवस. ऑफिसात कीबोर्डवर आवाज होतो म्हणून एका मुलीने आठव्या दिवशी उतरवला आणि दोन्ही हातांत दोन दोन ठेवल्या. सासूबाईंनीच सुचवलं म्हणे. उतरवताना फोडू नका, हात ओला करून एकेक काढा. त्यातल्या चांगल्या राहिलेल्या माझ्याकडे पाठवल्यात तरी चालतील. अडीचच्या मापाच्या नेहमी कमी पडतात.